पहिला हाय-एंड गेमिंग पीसी घेताय? पार्टची यादी मॉनिटरपासून सुरू करा

२०२५ च्या जूनमध्ये भाच्याचा जळगावहून व्हॉट्सॲप आला, दुकानातल्या कोटेशनचा फोटो आणि खाली एक ओळ, "मामा तू एकदा बघ ना, ते म्हणतायत सगळं टॉपचं आहे." बारावीनंतर दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले त्याचे पैसे, त्यात ताई-भावजींनी टाकलेली भर, सगळे मिळून दोन लाख चाळीस हजार. कोटेशन वाचलं आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण कुणी लुबाडत नव्हतं, प्रत्येक वस्तूचा भाव ठीकच लावलेला, पण पैसा भलत्याच जागी चालला होता. चौदाव्या जनरेशनचा आय-९, ६४ जीबी लाईटवाली रॅम, ३६० चा लिक्विड कूलर, सात पंख्यांचं काचेचं कॅबिनेट, आणि एवढ्या सगळ्याच्या पोटात आरटीएक्स ५०६० टीआय, तेही ८ जीबीचं. एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या पार्टना वीज देणाऱ्या डब्याच्या, समोर नुसतं "८५० वॅट", कंपनीचं नाव नाही. मॉनिटर घरातलाच जुना, १०८०पी आणि ६० हर्ट्झ.

पहिल्यांदा घेणाऱ्या बऱ्याच जणांची यादी अशीच बनते. प्रोसेसरपासून सुरुवात होते, कारण लहानपणापासून कॉम्प्युटर म्हणजे आय-५ का आय-७ असंच ऐकलेलं असतं, मग दिसणाऱ्या वस्तू, आणि शेवटी जे उरेल त्यात ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस. आम्ही ती यादी बाजूला ठेवली आणि उलट्या टोकाने सुरुवात केली. तोच क्रम इथे देतोय, त्याच बिल्डचं उदाहरण घेऊन. भाव मी सांगतोय ते त्या वर्षीच्या जुलैचे, साधारण आकडे आहेत, तुम्ही घ्याल तेव्हा त्या दिवशीचा भाव बघायचाच, त्यातही रॅम आणि एसएसडीचा तर नक्कीच, का ते पुढे येईल.

पायरी १: स्क्रीन आणि गेम आधी ठरवा

मॉनिटर हा बजेटमधून उरलेल्या पैशात घ्यायचा भाग नाहीये. तुम्ही पुढची पाच-सहा वर्षं बघणार आहात ते फक्त मॉनिटरकडे, आणि बाकीची मशीन किती ताकदीची लागेल हेही तोच ठरवतो. साधा हिशोब आहे. १०८०पी स्क्रीनवर साधारण २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६ लाख ८६ हजार, आणि फोर-के वर जवळजवळ ८३ लाख. म्हणजे फोर-के मॉनिटर घेतला की ग्राफिक्स कार्डला १०८०पी च्या चौपट पिक्सेल दर फ्रेमला रंगवायचे आहेत. आता हर्ट्झ. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० च चित्रं दाखवतो, आतलं कार्ड २०० फ्रेम काढत असलं तरी डोळ्याला साठच दिसणार. त्या पहिल्या कोटेशनमधली मशीन कितीही महाग असती तरी भाच्याला ती त्या जुन्या काचेतूनच दिसली असती.

मग मी त्याला फोन करून एकच विचारलं, रोज काय खेळतोस आणि काय खेळायची इच्छा आहे. रोज वॅलोरंट मित्रांबरोबर, आणि इच्छा सायबरपंक २०७७ सगळ्या सेटिंग वर करून, रे ट्रेसिंगसकट, म्हणजे प्रकाश आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी दाखवणाऱ्या तंत्रासकट. हे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. वॅलोरंटसारख्या गेमला ग्राफिक्स कार्ड फार लागत नाही, तिथे प्रोसेसर फ्रेम ठरवतो आणि जास्त हर्ट्झचा मॉनिटर खरा उपयोगी पडतो. सायबरपंक मात्र कार्डला पिळून काढतो. दोन्ही हवं असलं तर मधला रस्ता म्हणजे २७ इंच, १४४०पी, १६५ ते १८० हर्ट्झ, आयपीएस पॅनल. टेबलावर दोन-अडीच फुटांवरून बघताना २७ इंचात १४४०पी अगदी रेखीव दिसतं आणि कार्डचा जीवही जात नाही. असा चांगला मॉनिटर आम्हाला २२ हजारात मिळाला. ओएलईडी दिसायला फार सुंदर, काळा रंग म्हणजे खरंच काळा, पण किंमत दुप्पट-तिप्पट, आणि दिवसभर त्याच स्क्रीनवर कोडिंग, एक्सेल, टास्कबार सगळं एकाच जागी राहणार असेल तर कालांतराने त्याचा डाग बसायची शक्यता धरावी लागते. भाचा त्याच मशीनवर कॉलेजचं काम करणार होता म्हणून आयपीएस. अॅडॅप्टिव्ह सिंक, म्हणजे फ्रेम खालीवर झाल्या तरी चित्र फाटत नाही ती सोय, मॉनिटरमध्ये असायलाच हवी, आता बहुतेकांत असते.

पायरी २: ग्राफिक्स कार्ड, सगळ्यात मोठा तुकडा

मॉनिटर ठरला की कार्ड जवळजवळ आपोआप ठरतं. बाकी मशीनच्या, म्हणजे मॉनिटर-यूपीएस सोडून, खर्चाचा ४० ते ४५ टक्के भाग इथे गेला तर तो बरोबर गेला असं समजा.

एनव्हिडियाच्या ५० सिरीजच्या भारतातल्या लाँच किमती अशा होत्या: ५०७० ची ५९ हजार, ५०७० टीआयची ८० हजार, ५०८० ची १ लाख ७ हजार आणि ५०९० ची २ लाख १४ हजार. आता किंमत सोडून व्हीरॅम, म्हणजे कार्डची स्वतःची मेमरी, बघा. ५०७० ला १२ जीबी, ५०७० टीआय आणि ५०८० दोघांनाही १६, ५०९० ला ३२. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी, मार्च २०२५ मध्ये आलं, त्यालाही १६ जीबी.

व्हीरॅमचं इतकं का सांगतोय, कारण कार्ड कमी ताकदीचं असेल तर सेटिंग थोडी खाली करून गेम गुळगुळीत चालवता येतो, पण व्हीरॅम भरली की तसं होत नाही, कार्डला दर थोड्या वेळाने साध्या रॅमकडे धावावं लागतं आणि गेम अडखळतो, समोरची भिंत काही सेकंद धूसर राहते मग एकदम स्पष्ट होते, सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात पण खेळताना कचकच जाणवते. नवे मोठे गेम १४४०पी ला सगळं वर केल्यावर ८ जीबी सहज ओलांडतात. म्हणून हाय-एंड म्हणून पैसे मोजत असाल तर १६ जीबीच्या खाली येऊ नका. आणि नावाकडे नीट बघा, ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपात मिळतं, नाव तेच, खोकं जवळपास तेच, दुकानात घाईत "५०६० टीआय द्या" म्हटलं की कुठलं हातात येईल सांगता येत नाही.

५०८० घ्यावं का? भाच्याचा जीव त्यात अडकला होता. ५०७० टीआयपेक्षा ते साधारण पंधरा टक्के वेगवान, लाँचच्या भावाने किंमत मात्र ३४ टक्के जास्त, आणि व्हीरॅम तेवढीच. ते २७ हजार म्हणजे आमच्या मॉनिटरपेक्षा जास्त पैसे. मी त्याला म्हटलं, तू पंधरा टक्क्यांसाठी जुना मॉनिटर ठेवणार का? तिथेच प्रश्न मिटला. ५०७० टीआय का ९०७० एक्सटी हा मात्र खरा प्रश्न आहे. साध्या गेमिंगमध्ये दोघं अगदी जवळजवळ, ९०७० एक्सटी बाजारात बरंच स्वस्त पडायचं, रे ट्रेसिंग जोरात हवं असेल, डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवायची एनव्हिडियाची सोय) वापरायचं असेल, किंवा ब्लेंडर वगैरे काम असेल तर एनव्हिडिया पुढे. सायबरपंकचा हट्ट म्हणून आम्ही ५०७० टीआय घेतलं. तो हट्ट नसता तर मी ९०७० एक्सटी घ्यायला लावून दहा-बारा हजार वाचवले असते.

फ्रेम जनरेशनच्या जाहिराती बघून कार्ड निवडू नका. मधल्या फ्रेम कार्ड स्वतः तयार करून टाकतं, दिसायला गेम मऊ होतो, पण माऊस हलवल्यावर गेमने प्रतिसाद द्यायचा वेळ त्याने कमी होत नाही, थोडा वाढतोच. मूळ फ्रेम साठच्या आसपास असतील तर ती सोय छान, मूळच तीस असतील तर हात जड वाटतो.

आणि एकाच कार्डाचे वेगवेगळ्या कंपन्यांचे जे मॉडेल असतात त्यात कारखान्यातून ओव्हरक्लॉक केलेल्या मॉडेलला पाच-दहा हजार जास्त देऊ नका, फरक दोन-तीन टक्क्यांचा असतो. बघायचं ते तापमान, आवाज, भारतातली वॉरंटी किती वर्षं, आणि लांबी. तीन पंख्यांचं कार्ड तीस सेंटीमीटरच्या पुढे सहज जातं. लांबी कागदावर लिहून ठेवा, कॅबिनेट घेताना लागेल.

पायरी ३: प्रोसेसर

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. गेमला चोवीस कोअर लागत नाहीत, आठ चांगले पुरतात, आणि गेमिंगमध्ये खरा फरक पाडतो तो कॅश. ओट्यावर हाताशी मसाल्याचा डबा असेल तर फोडणी जळत नाही, दरवेळी फडताळ उघडायला गेलात तर जळते, तसंच. प्रोसेसरच्या आतला कॅश म्हणजे तो डबा, रॅम म्हणजे फडताळ. एएमडीचे ज्यांच्या नावात शेवटी एक्स३डी येतं त्यांच्यात हा डबा मोठा असतो, रायझन ७ ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी दोघांतही ९६ एमबी एल-थ्री कॅश आहे. ७८०० एप्रिल २०२३ मध्ये आला, तिथे कॅशची चकती कोअरच्या डोक्यावर बसवलेली होती, त्यामुळे उष्णता बाहेर यायला अडथळा. नोव्हेंबर २०२४ च्या ९८०० मध्ये ती कोअरच्या खाली घेतली, म्हणून तो जास्त क्लॉकवर धावतो.

९८०० हा वेगवान आहे यात वाद नाही. पण १४४०पी ला ५०७० टीआयबरोबर, सेटिंग सगळ्या वर असताना, बऱ्याच गेममध्ये अडकतं ते कार्ड, प्रोसेसर नाही. ७८०० आम्हाला ३६ हजाराला मिळाला आणि मला त्यात काही कमी वाटत नाही. बजेट याहून कमी असेल तर रायझन ५ ७६०० किंवा ९६००एक्स घेऊन वाचलेले पैसे कार्डात घाला, एएम५ सॉकेट तोच असल्यामुळे दोन-तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येतो, बोर्ड नाही. एएमडीने हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालू ठेवू असं सांगितलंय.

इंटेल घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पण तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या वरच्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब व्हायची अडचण आली होती, इंटेलने ती मान्य केली, २०२४ मध्ये मायक्रोकोड, म्हणजे बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती, दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. असा प्रोसेसर घेत असाल, विशेषतः सेकंडहँड, तर बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, आधी अपडेट करा आणि तो आधी कसा चालवलाय ते विचारा.

पायरी ४: मदरबोर्ड आणि रॅम एकत्र

मदरबोर्डने फ्रेम वाढत नाहीत. हे एकदा मनात पक्कं केलं की चाळीस हजाराच्या बोर्डाकडे नजर जात नाही. आमचा बी८५० चिपसेटचा, २० हजाराचा. बघितलं काय, तर व्हीआरएमवर (बोर्डाचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) चांगले हीटसिंक, निदान दोन एम.२ स्लॉट (एसएसडी बसते ती जागा), वायफाय आतच, आणि मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण. या बटणाने प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट होतं, जुन्या स्टॉकचा बी६५० बोर्ड आणि नवा ९००० सिरीज प्रोसेसर अशी जोडी आली की याच्याशिवाय मशीन उठतच नाही. अजून एक, मॅन्युअल पीडीएफ डाउनलोड करून दुसरा-तिसरा एम.२ स्लॉट भरल्यावर ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटच्या लेन कमी होतात का तेवढं वाचा, काही बोर्डांत होतात.

रॅम ३२ जीबी, डीडीआर५, ६००० स्पीड, सीएल३०, १६ च्या दोन काड्या. चार नाही. एएम५ वर चार काड्या लावल्या की अधिकृत स्पीड ३६०० वर येतो, "आता दोन घेतो, पुढच्या वर्षी अजून दोन" हा विचार इथे महागात पडतो. सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम लावते तो उशीर, आकडा कमी तेवढं बरं, ६००० ला सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल४० म्हणजे १३ च्या वर.

आता भाव. जुलैत आम्हाला हा किट साधारण १० हजाराला मिळाला. त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास रॅमचे भाव चढायला लागले आणि चढतच गेले, कारण एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवणं कंपन्यांना जास्त फायद्याचं झालं, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करतोय असं जाहीर केलं. त्यामुळे आत्ता बजेट मांडताना रॅमपासून भाव विचारा आणि त्यानुसार बाकी हलवा. एक्स३डी प्रोसेसर असेल तर मोठ्या कॅशमुळे रॅमच्या स्पीडचा फरक कमी पडतो, तेव्हा सीएल३० फार महाग असेल तर ५६०० किंवा सीएल३६ घेतली तरी चालेल, पण ३२ जीबीचं १६ करू नका.

एसएसडी पटकन: २ टीबी, एनव्हीएमई, जेन ४, वाचायचा वेग सेकंदाला ७००० एमबीच्या आसपास, टीएलसी प्रकारची. जेन ५ चे आकडे दुप्पट असतात पण गेम लोड व्हायला फरक एखाद्या सेकंदाचा, आणि ती तापते. १ टीबी घेऊ नका, मोठे गेम शंभर-दीडशे जीबीचे असतात, सहा गेममध्ये ड्राइव्ह भरते.

पायरी ५: एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

माझ्या स्वतःच्या पहिल्या मशीनमध्ये एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला होता, नाव सांगण्यासारखं नव्हतंच. एका संध्याकाळी गेम चालू असताना फट् असा आवाज आला, जळक्या पत्र्यासारखा वास, आणि तो जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. एसएमपीएस मेला तर एकटा मरत नाही, सगळ्या पार्टना वीज त्याच्यातूनच जाते. तेव्हापासून मी कुणाच्याही यादीत आधी हीच ओळ बघतो.

वॅटचा हिशोब असा. ५०७० टीआय ३०० वॅट खातं, ७८००एक्स३डी गेममध्ये पन्नास ते ऐंशी, बाकी बोर्ड, पंखे, ड्राइव्ह मिळून पन्नास-साठ. झाले साडेचारशेच्या आत. मग ५५० चा का नको? कारण आधुनिक कार्डं मिलिसेकंदापुरती आपल्या आकड्याच्या खूप वर उसळी मारतात, आणि एसएमपीएस तेवढी झेलू शकला नाही तर मशीन गेमच्या मधेच धाडकन बंद होते. एनव्हिडिया ५०७० टीआयसाठी ७५० सांगते, ५०८० साठी ८५०, ५०९० साठी १०००. आम्ही ८५० घेतला, ८० प्लस गोल्ड, एटीएक्स ३.१, दहा वर्षं वॉरंटी, १० हजाराला. एटीएक्स ३.१ चा फायदा म्हणजे कार्डला लागणारी १६ पिनची केबल त्याच्यातूनच निघते, अडॅप्टर लागत नाही. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याचे फोटो आले होते ते याच घराण्याच्या जुन्या कनेक्टरचे, नीट आत न बसणं हे त्याचं एक मोठं कारण निघालं. म्हणून ही केबल टक करून पूर्ण आत बसली का ते टॉर्च मारून बघा आणि कनेक्टरच्या लगेच पुढे तिला मुरडू नका, तीन-चार सेंटीमीटर सरळ जाऊ द्या. आणि एका एसएमपीएसच्या सुट्ट्या केबल दुसऱ्याला कधीच लावायच्या नाहीत, टोक बसतं पण आतल्या वायरचा क्रम वेगळा असू शकतो आणि मग ड्राइव्ह, बोर्ड काहीही जळतं.

यूपीएस. घरी असतो तो ६०० व्हीएचा, म्हणजे बहुतेक ३६० वॅट. गेम चालू असताना लाईट गेली की तो ओरडून बसणार. खोक्यावर व्हीएच्या शेजारी वॅट लिहिलेले असतात, ते बघा, मॉनिटर धरून आमची गरज पाचशे वॅटच्या घरात होती म्हणून १५०० व्हीए, ९०० वॅटचा घेतला, प्युअर साइन वेव्ह. स्वस्त यूपीएसची चौकोनी वेव्ह काही चांगल्या एसएमपीएसना चालत नाही, लाईट गेल्यावर बॅटरीवर जातानाच मशीन बंद पडते. हे १५ हजार भाच्याला फार जिवावर आले होते. जळगावात उन्हाळ्यात दिवसातून किती वेळा लाईट जाते ते त्यालाच माहीत, तरी.

आणि अर्थिंग. मशीन उभी राहिली त्या रात्री भाचा अनवाणी फरशीवर बसून कॅबिनेटच्या मागे यूएसबी लावत होता आणि एकदम हात मागे घेतला. "मामा, मुंग्या येतायत." मी बोटाची मागची बाजू स्क्रूवर ठेवली तर खरंच, बारीक झिणझिणी. टेस्टर लावला तर आतला लाल दिवा मंद पेटला. एसएमपीएस खराब नव्हता. प्रत्येक एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यातून गळणारा बारीक करंट अर्थच्या वायरीने जमिनीत जायला हवा. स्विचबोर्डात अर्थ नसेल तर कॅबिनेटवर साधारण अर्धा व्होल्टेज, शंभराच्या वर, तरंगत राहतो. करंट कमी म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात, पण चालू मशीनला एचडीएमआय किंवा यूएसबी लावताना पोर्ट उडू शकतं, आणि उद्या आत खरंच काही शॉर्ट झालं तर वाचवणारं काही नाही. सकाळी वायरमनला बोलावलं. त्याने मीटरने मोजलं, फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवं ते नीट येत नव्हतं. स्विचबोर्ड उघडला तर सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती, भोक नुसतं शोभेला. मेन बोर्डापासून हिरवी वायर ओढली, तासाभराचं काम, काही शे रुपये. परत टेस्टर लावला, दिवा गप्प. दोन-अडीच लाखाची मशीन आणायच्या आधी हे करून घ्या, नंतर नको, आणि स्वतः स्विचबोर्ड उघडू नका.

पायरी ६: कूलर आणि कॅबिनेट

खोली २५ डिग्री असताना प्रोसेसर ७० वर असेल, तर खोली ४० झाली की तो ८५ च्या आसपास जाणार, कूलर कितीही भारी असला तरी खोलीतल्याच हवेने थंड करतो. म्हणून परदेशातल्या रिव्ह्यूमधले तापमानाचे आकडे जळगाव-नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तसेच्या तसे धरू नका. तरीही ७८००एक्स३डीला ३६० चा लिक्विड कूलर लागत नाही, तो वीजच कमी खातो. दोन टॉवरचा एअर कूलर, साडेचार हजाराचा, पुरतो, त्यात पंप नाही, बिघडलाच तर पंखा बिघडतो आणि तो कुठेही मिळतो. उंची मात्र साधारण १६० मिलिमीटर असते, कॅबिनेटमध्ये मावते का बघा.

कॅबिनेटला पुढे जाळी हवी. पुढून बंद काच असलेलं सुंदर दिसतं पण हवा कुठून घेणार? पुढे तीन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं बास. आत येणारी हवा जास्त असली की धूळ फटीतून न येता फिल्टरमधून येते. फिल्टर महिन्यातून एकदा नळाखाली धुवा, पूर्ण वाळवून लावा, आणि दिवाळीच्या साफसफाईत मशीन उघडून ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ असाल तर खिडकीच्या अगदी समोर मशीन ठेवू नका, खारी दमट हवा धातूला खाते.

पायरी ७: खरेदी

आम्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, मधल्या वारी सकाळी जा. जायच्या आधी प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेलचं नाव आणि ऑनलाईन भाव कागदावर लिहून न्या. तीन दुकानांत तोच कागद दाखवा. जिथे "हे संपलंय, त्याच्याच लेव्हलचं हे घ्या" असं एसएमपीएस, रॅम किंवा एसएसडीबद्दल सांगतात तिथे थांबून मोबाईलवर त्या मॉडेलचं बघा, बदल बहुतेक वेळा याच तीन वस्तूंत होतो कारण गिऱ्हाईक त्यांची नावं लक्षात ठेवत नाही. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर, आणि वॉरंटी भारतातली आहे ना हे विचारा. कुणी नातेवाईक अमेरिकेतून कार्ड आणतो म्हणाला तर कंपनी इथे त्याची वॉरंटी देते का ते आधी तपासा, बऱ्याच देत नाहीत.

मदरबोर्डचं खोकं दुकानातच उघडून सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढा, मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. एएम५ मध्ये १७१८ बारीक पिना बोर्डावर असतात, सगळ्या एका ओळीत चमकायला हव्या. एखादी वाकलेली असेल तर चमक तुटलेली दिसते. घरी गेल्यावर दिसली तर ती तुम्हीच वाकवली असं धरलं जातं. ऑनलाईन घेत असाल तर खोकं उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, पत्त्याचं लेबल दिसेल असा.

बाहेरगावी न्यायचं असेल तर पार्ट खोक्यातच न्या आणि घरी जोडा. जोडलेली मशीन न्यायची वेळ आलीच तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं न्या, दीड-दोन किलोचं कार्ड धक्क्याने स्लॉट उखडतं.

पायरी ८: जोडणी आणि पहिली सुरुवात

बोर्ड कॅबिनेटबाहेर, त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कूलर लावून घ्या. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, जोर लावायचा नाही, नुसता ठेवायचा. दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढलं का ते परत एकदा बघा. प्रोसेसरची ८ पिनची केबल आणि ग्राफिक्स कार्डची ८ पिनची केबल दिसायला सारख्या, पण वेगळ्या, केबलवर लिहिलेलं वाचून लावा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला, मदरबोर्डला नाही.

बटण दाबल्यावर पंखे फिरतात, लाईट लागते आणि स्क्रीन काळी राहते. घाबरू नका. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा बोर्डाशी जुळवून घेते त्याला काही मिनिटं लागतात, बोर्डावर डीरॅम असं लिहिलेला छोटा दिवा पेटलेला राहतो. त्या रात्री ताई, भावजी, भाचा सगळे त्या काळ्या स्क्रीनसमोर उभे होते, भाचा दोनदा बटणाकडे हात नेत होता आणि मी दोनदा धरला. चौथ्या मिनिटाला बोर्डाचा लोगो आला. मधेच बंद केलं असतं तर सगळं परत पहिल्यापासून.

मग आधी बायोस अपडेट. २०२३ मध्ये काही ७८००एक्स३डी जळाले होते, एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवायची बायोसमधली सेटिंग) चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला जास्त व्होल्टेज देत होते, एएमडीने नंतर ते १.३ व्होल्टवर बांधलं, पण तो बांध नव्या बायोसमध्ये आहे. अपडेट झालं की मगच एक्सपो चालू करा. तो चालू केला नाही तर ६००० ची रॅम ४८०० वगैरेवर चालत राहते आणि कुणी सांगत नाही. विंडोज, चिपसेट ड्रायव्हर, ग्राफिक्स ड्रायव्हर या क्रमाने टाका आणि तासभर जड गेम चालवून तापमान बघा, ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ डिग्री आहे, तुम्ही तिच्या बऱ्यापैकी खाली हवे. वीजबिलाचंही घरी सांगून ठेवा, पाचशे वॅटने रोज चार तास म्हणजे दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ, आणि महावितरणचा दर शंभर युनिटनंतर चढतो.

मी डोंबिवलीला परत आलो आणि तीन दिवसांनी भाच्याचा फोन, गेम सुंदर दिसतोय पण मामा, तू म्हणाला होतास तेवढं मऊ नाही वाटत. मी म्हटलं डेस्कटॉपवर राइट क्लिक कर, डिस्प्ले सेटिंग, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे काय आकडा आहे? साठ. विंडोजने नवा मॉनिटर ६० हर्ट्झवरच धरला होता, १८० आपल्याला निवडावं लागतं. त्याने निवडलं, फोन तसाच स्पीकरवर टेबलावर ठेवला, आणि मला पलीकडून फक्त माऊसचा आवाज येत राहिला बराच वेळ.